करंजीत काय काय असतं

५ जानेवारी १९३९, बुऱ्हाणपूर

आज प्रार्थनेच्या वेळी पुन्हा दोन मुली पडल्या. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, मग डोळे उघडले. सकाळी काय खाल्लं विचारलं तर दोघींचं उत्तर एकच, "चहा."

ह्यांनी ही वही आणून दिली तेव्हा ठरवलं होतं की हिच्यात शाळेचं काही लिहायचं नाही. पहिल्याच पानावर शाळा आली. राजपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेची मी मुख्य बाई, मुली बासष्ट. पाचवी पुरी करून बाहेर पडणाऱ्या गेल्या वर्षी चार होत्या.

दवाखान्याचे मोतीलाल डॉक्टर येऊन दोघींना तपासून गेले. म्हणाले, "बाई, ह्या पोरींना रोग नाही. भूक आहे." जाताना एक सरकारी पुस्तिका माझ्या हातात ठेवली. आपल्याकडच्या धान्याभाज्यांची आणि दूधदुभत्याची नावं, आणि प्रत्येकापुढे आकड्यांची ओळ. अमुक इतकी प्रथिनं, इतकं स्निग्ध, इतका चुना, इतके उष्मांक. संध्याकाळी भाकरी थापायच्या राहिल्या आणि मी वाचत बसले. माणसाची पत्रिका असते तशी ज्वारीच्या दाण्यालाही असते! एकतीस वर्षं मी जेवते आहे आणि काय खाल्लं ते मला आज कळतंय.

८ जानेवारी

शाळेच्या फाटकाशी सरुबाई गवळण बसते. दूध घालून झालं की टोपलीत तिखट करंज्या घेऊन येते. आत छेना, जिरं, मीठ, हिरवी मिरची. मुली तिला 'नासकवाली' म्हणतात, कारण छेना म्हणजे नासलेलं दूध. मी आजवर त्या करंजीला हात लावला नव्हता. आज एक घेतली आणि फाटकातच खाल्ली. मग दुसरी घेतली.

"दूध मुद्दाम नासवता?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात आपोआप फाटतं, थंडीत लिंबू पिळावं लागतं," ती म्हणाली. "बाई, माझ्या सासूनं दूध फाटलं म्हणून कधी फेकलं नाही. माझी तीन पोरं ह्याच्यावरच वाढली. जाऊन बघा, दरवाज्यात मावत नाहीत."

सायीचं तूप तिच्या गिऱ्हाइकांना जातं आणि खाली राहिलेल्या दुधाचा ती छेना करते. गवळण कसबी आहे, काही वाया घालवत नाही.

ह्यांनी सुकलाल सोनाराचा काटा दोन दिवसांसाठी मागून आणला. सोनं तोलायच्या पारड्यात मी छेना ठेवला. छेना दोन तोळे, कणीक दोन तोळे, तळताना प्यालेलं तेल सुमारे एक तोळा. पुस्तिकेतले म्हशीच्या दुधाचे आकडे घेऊन मांडणी केली. एका करंजीत उष्मांक अडीचशे आणि प्रथिनं अर्ध्या तोळ्याहून जास्त! एका मुलीला दोन करंज्या दिल्या तर दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा भागतो. मी तीनदा पडताळून पाहिलं. चौथ्यांदा पाहायला गेले तर नमुना गायब. हे म्हणाले, "मला वाटलं, तोलून झालं."

११ जानेवारी

शाळा कमिटीने तीन महिन्यांची परवानगी दिली. मुलींना रोज मधल्या सुट्टीत दोन करंज्या. तीन महिन्यांनी मी आकड्यांनिशी अहवाल द्यायचा, फरक दिसला नाही तर सगळं बंद. एका सभासदांनी विचारलं, "नासलेलं दूध पोटात गेल्यावर फरक पडेल तो कोणता?" बाकीचे हसले. मी हसले नाही.

१३ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

मुलींना उष्मांक म्हणजे काय ते कळेना, म्हणून प्रयोग केला. ज्योत दिसावी म्हणून वर्गाच्या खिडक्या लावल्या. वाळवलेल्या करंजीचा सुपारीएवढा तुकडा दाभणाला टोचला, त्याच्यावर चिमट्यात धरलेली पत्र्याची डबी, डबीत दहा तोळे पाणी. काडी लावली. आधी नुसता धूर झाला. मग तुकड्याने अशी काही ज्योत धरली की पुढच्या मुली मागे सरकल्या. चरचरत, पिवळीधमक, किती तरी वेळ. विझली तेव्हा पाण्यात बोट घालवेना.

सुपारीएवढा तुकडा! एवढी आग आपण रोज गिळतो आणि ओठ भाजत नाहीत. मुली दोरीवरून उड्या मारतात, पाढे म्हणतात, एकमेकींच्या झिंज्या उपटतात, ते सगळं ह्याच ज्योतीवर. कमल नावाची चौथीतली मुलगी हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे आपल्या पोटात दिवा आहे."

एकच गालबोट लागलं. दुसरीतली भागा ज्योत पाहायला पुढे आली आणि परत जाताना थेट पाट्यांवर पाय देत गेली. तीन पाट्या फुटल्या. मी ओरडले, "आंधळी आहेस का?" ती म्हणाली, "नाही बाई, अंधार आहे." खिडक्यांच्या फटींतून बक्कळ उजेड येत होता. उलट उत्तर दिलं म्हणून मी तिला कोपऱ्यात उभं केलं. पोर हुशार आहे पण बेपर्वा. थंडीत शाळा सुटायच्या आधीच घरी पळते, ती खोडही मोडायला हवी.

१४ जानेवारी

खोटं कशाला लिहू, आज माझी मला लाज वाटते.

भागाच्या मामाला, भिकनला, पाट्यांबद्दल बोलावलं होतं. तो गिरणीत कामाला आहे. भागाचं घर देडतलाई गावचं, आई नाही, शाळेसाठी ती मामाकडे राहते. भिकन मान खाली घालून म्हणाला, "पाट्या मी भरून देतो बाई. पण पोरीला सांजेला दिसत नाही. कोंबडीसारखं. चार वर्षांची होती तेव्हापासून."

तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पापणी वर केली. पांढऱ्या भागावर फेस वाळल्यासारखे डाग. "रातांधळेपणा," ते म्हणाले. "व्हिटॅमिन 'ए' नाही अंगात. माशाचं तेल मिळालं तर पंधरा दिवसांत दिसेल. नाही तर हळूहळू बुबुळच जाईल." माशाचं तेल म्हणताच भिकन दोन पावलं मागे सरला. त्याच्या गळ्यात माळ आहे. "ते सोडून काय सांगाल ते करतो," म्हणाला.

मी घरी येऊन पुस्तिका उघडली. दुधाच्या स्निग्धात हे व्हिटॅमिन असतं, स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे छेन्यात आहे, म्हणजे करंजीत आहे. भागाला दोनाऐवजी चार देईन.

१ फेब्रुवारी

करंजी सुरू करताना घेतली होती, तशी आज सगळ्यांची वजनं पुन्हा घेतली. ह्यांनी स्टेशनातल्या पार्सलच्या काट्यावर सोय केली. बासष्ट मुलींची रांग फलाटावर पाहून उतारू गाडी सोडून आमच्याकडेच बघत होते. बासष्टांपैकी एकावन्न वाढल्या! प्रार्थनेत एकही पडली नाही. दुपारी वर्गात जो गोंगाट होतो त्याने माझं डोकं दुखतं आणि मी मनात म्हणते, दुखू दे.

दोन आया भांडायला आल्या होत्या. "नासकं खाऊ घालून आमच्या पोरींना बाटवता का?" मी त्यांच्यासमोर तीन करंज्या खाल्ल्या. चौथीला एकीने माझा हात धरला, "बस करा बाई, पोट बिघडेल." पण तिने स्वतःही एक चाखली, आणि पोरीला उद्या पाठवते म्हणाली.

भागाला मात्र फरक नाही. गाल भरले, वजन दोन पौंड वाढलं, पण डोळ्यांवरचे डाग तसेच. चार-चार करंज्या खाते तरी! मी आकडे पुन्हा पाहिले. मांडणीत चूक नाही.

१० फेब्रुवारी

भागा गेली.

तिचा बाप चुडामण आज देडतलाईहून आला. चार दिवस झाले, तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं, उजेड सोसत नाही. मी म्हटलं, थोडे दिवस ठेवा, करंजी सुरू आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"बाई, महिना झाला ना खाते आहे? आता घरी राहू द्या. जिला दिसायचं नाही ती पोर शिकून काय करणार?"

भागाने जाताना पाटी माझ्या हातात दिली. शाळेची होती म्हणून. तिच्यावर सतराचा पाढा पुरा लिहिला होता.

१७ फेब्रुवारी

करंजीची चव बदलली आहे. आत हिरवं काही दिसतं. कोथिंबीर किंवा मेथी असावी. मुलींना आवडते, त्यामुळे हरकत नाही, पण सरुबाईला विचारलं तर तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिची एक म्हैस आटली म्हणे. पण करंज्या रोज मोजून तेवढ्याच येतात, एकही कमी नाही. कष्टाळू बाई.

आज तिच्या घरावरून आले. अंगणातला शेवगा कोणीतरी पार ओरबाडला आहे, नुसत्या काड्या उरल्यात. शेळ्या सोडणाऱ्यांना काही धरबंध नाही.

चुडामणला पत्र टाकलं होतं. उत्तर नाही.

३ मार्च

काय सांगू! कमल काल दिवेलागणीनंतर एकटी विहिरीवरून कळशी भरून आली. तिची आई सांगत आली. मला माहीतसुद्धा नव्हतं की तिलाही सांजेचं दिसत नव्हतं. घरचे लपवून ठेवतात, पुढे लग्नाला अडचण नको म्हणून. मग एकेकीला जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, अशा सात होत्या. सात! आणि सातहीजणींना गेल्या आठ-दहा दिवसांत दिसायला लागलं आहे.

मी वर्ग सोडून वऱ्हांड्यात जाऊन उभी राहिले. बाहेर घोडागाडी उभी होती, कुणी सुतरफेणी विकत होता, सगळं रोजचंच. आणि ह्या गावात सात मुलींची संध्याकाळ त्यांना परत मिळाली होती आणि गावाला पत्ता नव्हता. छेन्याने उशिरा का होईना काम केलं. आकडे खरे ठरले. भागाच्या बापाने आणखी पंधरा दिवस थांबायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येतं.

आता पक्का पुरावा हवा म्हणून दोन करंज्या वाळवून डॉक्टरांमार्फत नागपूरला तपासणीला पाठवल्या आहेत.

११ मार्च

नागपूरचा कागद आला. चार वेळा वाचला.

प्रथिनं मी मांडली होती त्याहून बरीच कमी. दुधाचं स्निग्ध जवळजवळ नाही. चोथा भरपूर. आणि खाली शेरा, 'सारणात निम्म्याहून अधिक भाग हिरव्या पाल्याचा आहे.'

मी दोन महिने फळ्यावर लिहून शिकवते आहे की ह्या करंजीत काय आहे.

१२ मार्च

सरुबाईला कागद दाखवला. वाचता येत नाही तिला, मी वाचून दाखवला. फाटकात, मुलींसमोर. तसं करायला नको होतं.

ती म्हणाली, "म्हैस आटली ना बाई. दूध निम्म्यावर आलं. साठ पोरी ओंजळ करून उभ्या राहतात, मी काय सांगू, आज नाही म्हणून? घरचा शेवगा होता, कोवळा पाला चिरून घातला. माझी सासू घालायची. जहर नाही घातलं."

"फसवणूक केलीत तुम्ही. छेना सांगून झाडाचा पाला खाऊ घातलात."

"झूट नाही बोलले मी. तुम्ही विचारलं तेव्हा चूप राहिले, ती माझी गलती."

टोपली उचलून गेली. करंजी उद्यापासून बंद असं मी कमिटीला कळवलं. बरोबर केलं. आकड्यांशी बेइमानी केली तर माझ्याजवळ राहिलं काय?

१४ मार्च

मधल्या सुट्टीत मुली फाटकाकडे बघत उभ्या होत्या.

हे जेवताना म्हणाले, "मला एक सांग. कागदातले आकडे कमी निघाले, मग त्या सात पोरींचे डोळे कोणी उघडले?" मी म्हटलं, तुम्हाला ह्यातलं कळत नाही. मग तोच प्रश्न कानात घुमत राहिला.

१५ मार्च



शाळा सुटल्यावर कागद आणि माझी वजनांची वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं. "वजनं केव्हापासून वाढली?" जानेवारीपासून. "डोळे केव्हा सुधारले?" फेब्रुवारीच्या अखेरीस. "आणि पाला केव्हापासून?" फेब्रुवारीच्या मध्यापासून.

"बाई, सरुबाई साय काढून घेते. ते व्हिटॅमिन सायीबरोबर जातं, तुपाच्या गिऱ्हाइकाकडे. तुम्ही आकडे धरलेत आख्ख्या दुधाचे. छेन्याने पोरींच्या अंगावर मांस आणलं, ते खरं. डोळे आणले पाल्याने." त्यांनी पुस्तिकेचं पान उलटलं. शेवग्याचा पाला. मी हे पान कधी उघडलंच नव्हतं. कोण पाला खातं, म्हणून. त्या ओळीतला व्हिटॅमिनचा आकडा दुधाच्या कितीतरी पट होता. मी पुन्हा पुन्हा टिंब कुठे आहे ते पाहिलं.

"आणि गंमत बघा," डॉक्टर म्हणाले, "नुसता पाला उकडून खाल्ला तर त्यातलं फार थोडं अंगी लागतं. त्याला तेलाची संगत लागते. तळलेल्या पारीत तेल आहे. जणू कोणी विचार करून मांडलंय."

कोणी? एका गवळणीच्या सासूने, जिचं नावही मला माहीत नाही. तिने पुस्तिका वाचली नव्हती.

परस्पर सरुबाईच्या घरी गेले. ती म्हशीला पाणी पाजत होती. मी अंगणातच तिच्या पाया पडायला वाकले. ती घाबरून बाजूला झाली, "अरे बाप रे, काय करता बाई!" जमेल तसं सांगितलं. ती शेवग्याच्या काड्यांकडे बघत राहिली. मग तिने एकच विचारलं, "मग ती देडतलाईवाली पोर? तिला तर पाला पोचलाच नाही."

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की भागाला मी चार-चार करंज्या खाऊ घातल्या त्या कशाच्या होत्या.

१९ मार्च, देडतलाई

मोटार लॉरीने आणि पुढे बैलगाडीने आलो. सरुबाईने म्हशी सुनेवर सोपवल्या. डॉक्टर स्वतः आले, मी रजेचा अर्ज टाकून आले.

भागा आतल्या खोलीत फडकं तोंडावर घेऊन पडली होती. डाव्या बुबुळावर पांढरं फूल. उजव्याची कड लाल. आवाज ओळखून म्हणाली, "बाई, अठराचा पण येतो."

चुडामण दारात उभा होता. "आता कशाला आलात?"

"माझं चुकलं," एवढंच म्हटलं. "मला वाटलं होतं मला कळलंय."

डॉक्टरांनी औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. म्हणाले, "डावा गेल्यात जमा आहे. उजवा वाचला तर महिन्यात कळेल. उजेड आणि धूळ बिलकूल नको." सरुबाई तोवर परसात गेली होती. तिथून हाक मारली, "बाई, इकडे या!"

गोठ्याला टेकून शेवगा उभा होता. केवढा मोठा! पोपटी पालवी, खाली शेळी बांधलेली.

भागाची आजी मथुराबाई म्हणाली, "हा? हा तर शेळीसाठी आहे माय."

चुडामण झाडाकडे पाहत राहिला, मग खाली बसला. त्याच्या पोरीच्या अंथरुणापासून झाड वीस पावलांवर होतं. पोर पाच वर्षं अंधारात चाचपडत होती तेव्हाही ते तिथेच होतं. मला त्या झाडाची भीतीच वाटली, देवळात वाटते तशी.

सरुबाईने चूल पेटवली. साय न काढलेलं दूध घेतलं, मथुराबाईच्या हाताने लिंबू पिळवलं, पाला बारीक चिरायला शिकवलं. पहिली करंजी चुडामणने स्वतः तोडून, फुंकर घालून भरवली.

२२ मार्च

पाडवा. शाळेत करंजी पुन्हा सुरू. आता मुलीच घरून पाला आणतात. फाटकाशी मी सगळ्यांसमोर सरुबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "हो हो, झालं, पोरी भुकेल्या आहेत."

८ एप्रिल

कमिटीपुढे अहवाल वाचला. वजनं, सात मुलींचे डोळे, आणि माझी चूक तारखेनिशी. लिहिताना वाटलं होतं की चूक गाळली तरी कोणाला कळणार नाही. पण मग पाला गाळावा लागला असता.

जानेवारीत फरक विचारणारे तेच सभासद म्हणाले, "म्हणजे मुलींना शेळीचा चारा घातलात?"

सरुबाईला मी बरोबर नेलं होतं. ती दाराशी उभी होती, तिथूनच बोलली, "साहेब, शेळीला अंधारात दिसतं. कधी ठेचकाळताना पाहिलीत का?"

एक वर्षाची मंजुरी मिळाली. कारकुनाने ठरावात माझ्या नावाने 'सुनंदाबाईंची करंजी' असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं आणि त्याने 'सरुबाई गवळण' लिहून होईपर्यंत टेबलापाशी उभी राहिले.

१९ एप्रिल, देडतलाई. चैत्री अमावास्या

आज भागाची पट्टी काढली.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात येऊन पाहिलं होतं. उजवं बुबुळ स्वच्छ आहे म्हणाले, पण दिसतं किती ते पट्टी सुटल्यावरच कळेल. ऊन एकदम नको, दिवस मावळल्यावर सोडा. ह्या वेळी हेही माझ्याबरोबर आले. सरुबाई आली. मथुराबाईने दोनदा मीठ घातलेली भाजी आम्ही मुकाट्याने खाल्ली.

अंधार पडला. चुडामण तिला उचलून अंगणात घेऊन आला आणि बाजेवर बसवलं. दिवा मुद्दाम आतच ठेवला होता. फडक्याची गाठ मी सोडली. माझ्या बोटांना ती सुटेना, सरुबाईने दाताने ओढून सैल केली.

भागा डोळे मिटूनच बसली. "उघड," मी म्हटलं. ती म्हणाली, "भीती वाटते." चुडामण तिच्यासमोर उकिडवा बसला होता.

तिने डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं. हात पुढे करून त्याच्या मिशीला लावला. चाचपून नाही, सरळ. मग डाव्या हाताने उजवा डोळा झाकला आणि म्हणाली, "डाव्याने नाही दिसत." अगदी साधेपणाने, पाटी फुटली म्हणावं तसं. हात काढला.

मग तिची मान वर गेली.

ती तशीच बघत राहिली. तोंड उघडं राहिलं होतं. मी घाबरले, काही दुखतंय का विचारलं.

"बाई," ती कुजबुजली, "वर ते काय सांडलंय?"

आम्हा कोणाला क्षणभर कळेना. मग मीही वर पाहिलं. अमावास्येचं आभाळ होतं. चार वर्षांची असल्यापासून ह्या पोरीला सांज झाली की सगळं काळं. त्याआधीचं आठवायला ती फार लहान होती.

"चांदण्या गं," मथुराबाई म्हणाली.

"रोज असतात?"

"रोज असतात माय. तुझ्या आईनं पाहिल्या, मी पाहिल्या."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

मला सप्तर्षी माहीत आहेत, ध्रुव माहीत आहे. मी मुलींना शिकवते. दाखवायला बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं. सरुबाई पदराने तोंड झाकून उभी होती. हे गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होते.

भागा बाजेवर उताणी झाली. बापाचा हात छातीवर घट्ट धरून तिने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सत्तावीसला चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.